सल्लागार पेढीची मुलाखत व तिची पूर्वतयारी

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढें कॉलेजांत जातात, पदवी घेतात, आणि मग एके दिवशीं शाळेच्या पायऱ्या पुन्हां चढून आमच्याकडे येतात. येण्याचें कारण बहुधा एकच असतें. "सर, पुढच्या महिन्यांत मुलाखत आहे. काय वाचूं?" हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळां विचारण्यांत आला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां सविस्तर लिहून ठेवावें असें आम्हांस वाटूं लागलें. त्यांतहि मोठमोठ्या सल्लागार पेढ्यांच्या मुलाखतीविषयीं मुलांच्या मनांत जितकें कुतूहल असतें, तितकीच धास्तीहि असते. ती धास्ती थोडी कमी करावी, हा या लेखाचा हेतु आहे. वरच्या वर्गांतील मुलामुलींनींहि तो अवश्य वाचावा. कारण ज्या तयारीविषयीं आम्ही बोलणार आहों, तिचा आरंभ पदवीनंतर करावयाचा नसून आजच करावयाचा आहे.

पेढीचें काम काय?

आजाऱ्यानें वैद्याकडे जावें, तंटा असणाऱ्यानें वकिलाकडे जावें, त्याचप्रमाणें एखादा कारखाना, बँक, रुग्णालय किंवा सरकारी खातें अडचणींत सांपडलें म्हणजे तें सल्लागार पेढीकडे जातें. नफा कां घटला, नवें दुकान कोठें काढावें, यंत्रें घ्यावींत कीं भाड्यानें आणावींत, अशा प्रश्नांचा शोध घेऊन पेढी आपलें मत देते व त्याबद्दल मेहनताना घेते. हा धंदा फार जुना नाहीं. आर्थर डी. लिटल ही पेढी अमेरिकेंतील बॉस्टन येथें १८८६ सालीं निघाली. शिकागो विद्यापीठांत हिशेबशास्त्र शिकविणारे जेम्स मॅकिन्झी यांनीं १९२६ सालीं आपल्या नांवाची पेढी काढली. पुढें बॉस्टन येथेंच १९६३ सालीं ब्रूस हेंडरसन यांनीं बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप, व १९७३ सालीं बिल बेन आणि त्यांचे सहकारी यांनीं बेन अँड कंपनी या पेढ्या स्थापन केल्या. शेवटच्या तीनहि पेढ्यांच्या कचेऱ्या आज मुंबईंत आहेत. याशिवाय डेलॉइट, ॲक्सेंचर यांसारख्या विस्तारानें फार मोठ्या पेढ्या असून पुणें, हैदराबाद, बंगळूर येथें त्यांच्याकडे हजारों तरुण काम करितात.

मॅकिन्झी यांच्या पेढींत १९३३ सालीं मार्व्हिन बाउअर नांवाचे गृहस्थ आले. ते मूळचे वकील. वकिलानें अशिलाचें हित आपल्या फायद्याहून वर मानावें, त्याचें गुपित राखावें, आणि अप्रिय असलें तरी खरें तेंच सांगावें, हा दंडक या नव्या धंद्यांतहि रुजावा म्हणून त्यांनीं मोठी खटपट केली. हा दंडक सर्वत्र पाळला गेला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु मुलाखत घेणारा काय शोधीत असतो, हें त्यावरून चांगलें कळतें. उद्यां ज्या तरुणास तो एखाद्या कारखान्याच्या मालकापुढें बसविणार, तो तरुण गोंधळलेल्या गोष्टी नीट मांडूं शकेल काय, आणि खरें बोलेल काय, हे दोन प्रश्न त्याच्या मनांत असतात. बाकीचे सारे प्रश्न या दोहोंच्या पोटांत येतात.

मुलाखतीचें स्वरूप

प्रथम अर्ज व त्यासोबत शिक्षण आणि अनुभव यांची एकपानी माहिती पाठवावी लागते. कांहीं पेढ्या त्यानंतर संगणकावर एक परीक्षा घेतात. त्यांतून निवडलेल्यांना मुलाखतीस बोलावितात. मुलाखती एकाहून अधिक असतात, आणि प्रत्येक मुलाखत साधारणपणें पाऊण तास ते एक तास चालते. तिचे दोन भाग असतात. पहिल्या भागांत उमेदवारानें आयुष्यांत स्वतः काय केलें, याची चौकशी होते. दुसऱ्या भागांत त्याला एक अडचण सांगून ती सोडविण्यास सांगतात. तिला 'केस' म्हणतात. हार्वर्ड येथील कायद्याच्या विद्यालयांत १८७० सालीं प्रमुख झालेले लँगडेल यांनीं नियम पाठ करविण्याऐवजीं प्रत्यक्ष खटले पुढें ठेवून शिकविण्याची पद्धति घातली. तेथीलच व्यापारविद्यालय १९०८ सालीं निघालें, आणि त्यानेंहि ती पुढें उचलली. सल्लागार पेढ्यांच्या केसी हें त्याच पद्धतीचें अपत्य म्हणतां येईल. ज्या मोठ्या पेढ्यांत तंत्रज्ञानाचें किंवा हिशेबतपासणीचें काम अधिक, तेथें केसीचा भाग लहान व त्या त्या विषयाचे प्रश्न अधिक असतात.

पहिला भाग : स्वतःची हकीकत

या भागाविषयीं आम्ही एका माजी विद्यार्थ्याचा अनुभव सांगतों. त्याची संमति आहे; नांव देण्याचें कारण नाहीं.

लहान गांवांतून आलेला, हुशार, थोडा लाजरा असा हा मुलगा. व्यवस्थापनाचें शिक्षण घेऊन तो एका मोठ्या पेढीच्या मुलाखतीस गेला. घरावर कर्ज होतें व या नोकरीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. प्रश्न आला, "इतरांचा विरोध असतांना एखादें काम तडीस नेल्याचा प्रसंग सांगा." त्याच्या कॉलेजांतील मुलांनीं पूर आला असतां धान्यवाटपाचें मोठें काम केलें होतें. त्या कामाचा पुढारी त्याचा एक मित्र होता. हा एक दिवस गाडींतून गेला होता, इतकेंच. परंतु आपली हकीकत मोठी दिसावी म्हणून यानें सारें काम स्वतःचें म्हणून सांगितलें. परीक्षकानें शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग विचारावयास आरंभ केला. "पहिला विरोध कोणीं केला? ते नेमकें काय म्हणाले? त्यावर तुम्ही काय म्हणालांत? पोतीं किती होतीं? रात्रीं तीं कोठें ठेवलींत? राखण कोणीं केली?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत मुलगा कसाबसा टिकला. पांचव्या प्रश्नाला त्याच्या तोंडाला कोरड पडली. केस पुढें त्यानें बरी सोडविली. पण निवड झाली नाहीं.

तो आमच्याकडे आला तेव्हां नोकरी गेल्याचें दुःख त्याला होतेंच. परंतु त्याहून मोठें दुःख निराळें होतें. "सर, मित्राचें काम मीं चोरलें," असें तो म्हणाला, आणि बराच वेळ गप्प बसला. आम्ही त्याच्यावर रागावलों नाहीं. आम्हीं एवढेंच विचारलें, "तूं स्वतः त्या चार वर्षांत कांहींच केलें नाहींस काय?" "सांगण्यासारखें कांहीं नाहीं," असें त्याचें उत्तर. पुष्कळ खोदून विचारल्यावर एक लहानशी गोष्ट बाहेर आली.

त्याच्या वसतिगृहांत सकाळीं आठाच्या सुमारास टाकींतलें पाणी संपे. नव्यानें आलेलीं मुलें फार पाणी सांडतात, असें ठरवून त्यांना दम देण्यांत आला, व त्यांनीं सर्वांच्या शेवटीं अंघोळ करावी असा नियमहि झाला. याला तें पटेना. यानें एक काठी घेतली, तिच्यावर खुणा केल्या, आणि आठवडाभर दर दोन तासांनीं टाकींत काठी घालून पाण्याची पातळी वहींत लिहिली. रात्रीं घड्याळाचा गजर लावून उठला. वहींत असें दिसलें कीं, रात्रीं बारा ते चार, सगळीं मुलें झोपलेलीं असतांनाहि, पाणी वीतभर खालीं जातें. वरचीं मुलें त्याला हसलीं, आणि नळवाला बोलाविण्यास व्यवस्थापक दोनदां नाहीं म्हणाले. तिसऱ्या वेळीं यानें वही त्यांच्यापुढें ठेवली. जमिनीखालचा नळ फुटलेला निघाला; तो दुरुस्त झाला आणि नव्या मुलांवरील नियम रद्द झाला.

"आणि ही गोष्ट तूं सांगितली नाहींस?" आम्हीं विचारलें. "सर, ती फार लहान होती," तो म्हणाला.

विद्यार्थिमित्रहो, या एका उत्तरांत पुष्कळांच्या चुकीचें मूळ आहे. परीक्षक कामाचा आकार मोजीत नाहीं. त्या कामांतला तुमचा वांटा मोजतो. खऱ्या हकीकतीचा मोठा गुण हा कीं, तिला तळ असतो. कोणीं कितीहि खोल विचारलें, तरी उत्तर सांपडतेंच. कारण तुम्ही तेथें होतां. बनावट हकीकत दोन प्रश्नांपर्यंत पुरते. म्हणून तयारीचें पहिलें काम असें : एक वही घ्यावी, आणि स्वतःच्या हातून घडलेले पांच प्रसंग तींत लिहावे. एक प्रसंग कोणास समजावून वळविल्याचा, एक चार जणांकडून काम करवून घेतल्याचा, एक चिकाटीचा, एक चुकीचा व तिच्यापासून शिकलेल्या गोष्टीचा, आणि एक मतभेदाचा. प्रत्येक प्रसंगीं परिस्थिति काय होती, अडचण काय होती, मीं काय केलें व शेवटीं काय झालें, हें लिहावें. सहकाऱ्यांचें श्रेय सहकाऱ्यांना द्यावें. परंतु आपला वांटाहि संकोचानें 'आम्ही' या शब्दामागें लपवूं नये. लपविलेलें श्रेय आणि चोरलेलें श्रेय, दोन्ही परीक्षकाला निरुपयोगी.

दुसरा भाग : केस

आतां केसीकडे वळूं. बाजारांत अशा केसी सोडविण्याचे सांचे मिळतात. मुलें ते पाठ करितात व प्रश्न ऐकतांच एक सांचा काढून त्यांत प्रश्न कोंबतात. असें करणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय. सांचा कशाकरितां असतो, हें एका उदाहरणावरून पाहूं. उदाहरण काल्पनिक आहे, पण हिशेब खरा आहे.

परीक्षक म्हणतो, "पुण्यांत एक बेकरी आहे. तिची विक्री वाढली, परंतु नफा घटला. मालकाला काय सांगाल?"

उतावळा उमेदवार लागलीच जाहिरातीविषयीं बोलूं लागतो. शहाणा उमेदवार प्रथम प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हां सांगून तो बरोबर समजला आहे कीं नाहीं हें पाहतो, आणि विचारासाठीं एक मिनिट मागून घेतो. असें मागण्यांत कमीपणा नाहीं. मग तो कागदावर मांडतो : नफा म्हणजे विक्री वजा खर्च. विक्री म्हणजे नगांची संख्या गुणिले भाव. खर्चाचे दोन प्रकार. नगाबरोबर वाढणारा, म्हणजे मैदा, साखर, यीस्ट, वेष्टण यांचा. आणि न वाढणारा, म्हणजे भाडें व पगार यांचा. एवढें मांडून तो आंकडे मागतो.

आंकडे असे मिळतात. गेल्या वर्षीं रोज १,००० पाव ३० रुपये भावानें विकले जात. दर पावास मालाचा खर्च १८ रुपये, आणि भाडें, पगार वगैरे रोज ८,००० रुपये. म्हणजे दर पावामागें १२ रुपये उरत, एकूण १२,०००, त्यांतून ८,००० वजा जातां नफा ४,०००. यंदा रोज १,१०० पाव त्याच भावानें विकले जातात. भाडें व पगार तेच. पण मालाचा खर्च रोज २२,००० रुपये होतो. विक्री ३३,०००, खर्च एकूण ३०,०००, नफा ३,०००. म्हणजे दर पावास मालाचा खर्च १८ वरून २० रुपयांवर गेला.

येथें पुष्कळ जण थांबतात व म्हणतात, "माल महागला, भाव दोन रुपयांनीं वाढवावा." चांगला उमेदवार आणखी एक प्रश्न विचारतो : "मैद्याचा, साखरेचा भाव खरोखर वाढला आहे काय?" परीक्षक सांगतो, "नाहीं." मग पावामागें जास्त माल जातो कोठें? १८ रुपयांस एक पाव याप्रमाणें २२,००० रुपयांच्या मालांत सुमारें १,२२२ पाव व्हावयास पाहिजेत. विकले मात्र १,१०० जातात. मधले १२२ पाव कोठें गेले? भट्टीविषयीं विचारतां उलगडा होतो. भट्टी हजार पावांची; वरचे पाव घाईघाईनें भाजले जातात, आणि रोज सवाशें पाव करपून फेंकले जातात. रोज सुमारें २,२०० रुपयांचा माल वायां जातो. करपणें बंद झालें, तर त्याच विक्रींत नफा ५,२०० रुपये होईल.

तेव्हां मालकाला सांगावयाचें तें असें : भाव वाढवूं नका; आपल्या भट्टीचा दोष गिऱ्हाइकाच्या माथीं मारूं नका. एक घाणा पहांटे लवकर काढून पाहा. त्याचा जादा पगार १,२०० रुपयांहून कमी बसत असेल तर तोच मार्ग. न बसल्यास हजार पावांवर परत या. ४,००० रुपये नफा तरी हातीं राहील.

या उदाहरणांत गणित चौथी-पांचवीचें आहे. अवघड आहे तो क्रम. अडचणीचे भाग पाडतांना कोणतीहि गोष्ट दोनदां येऊं नये आणि कोणतीहि सुटूं नये, ही त्याची कसोटी. ग्रंथालयांत पुस्तकें लावतांना एक पुस्तक दोन कपाटांत बसत नाहीं आणि एकहि जमिनीवर राहत नाहीं, तसें हें आहे. १९६३ सालीं मॅकिन्झी पेढींत आलेल्या बार्बरा मिंटो यांनीं लेखन कसें मांडावें याविषयीं जें शिकविलें, त्यांत या नियमाला मोठें स्थान आहे. त्यांचा दुसरा नियमहि आमच्या मुलांनीं विशेष लक्षांत ठेवावा : निष्कर्ष आधीं सांगावा, कारणें मागाहून. आपल्या निबंधांत आपण प्रस्तावनेपासून हळूहळू शेवटाकडे जातों. येथें उलट करावें. "भाव वाढवूं नये, भट्टीचें वेळापत्रक बदलावें, त्याचीं तीन कारणें" असें बोलावें.

अंदाजाचे प्रश्न व तोंडी हिशेब

कधीं कधीं परीक्षक ज्याचें उत्तर कोठेंहि छापलेलें नाहीं असा प्रश्न विचारतो. "मुंबईंत केस कापण्याचा व्यवसाय करणारे किती?" येथें आंकडा ठाऊक असण्याची अपेक्षा नसते. २०११ च्या जनगणनेप्रमाणें बृहन्मुंबईची वस्ती सुमारें सव्वा कोटी. त्यांपैकीं केस नियमानें कापून घेणारे पुरुष व मुलगे साठ लाख धरूं. महिन्यास एकदां म्हटल्यास महिन्याकांठीं साठ लाख वेळां केस कापले जातात. एक कारागीर दिवसास पंधरा जणांचे केस कापतो व महिन्यांतून पंचवीस दिवस काम करितो, असें धरल्यास ३७५ झाले. साठ लाखांस ३७५ नीं भागल्यास १६,०००. मग स्वतःच म्हणावें, "दाढीचा वेळ मीं धरला नाहीं, तो धरल्यास ही संख्या वाढेल." आपल्या गृहीतांतली कच्ची बाजू आपणच दाखविणें, हा या उत्तराचा उत्तम भाग होय.

शिकागोंत पियानो सुरांत लावणारे किती, हा अशाच जातीचा प्रश्न शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या नांवावर सांगितला जातो. १६ जुलै १९४५ रोजीं पहिल्या अणुस्फोटाच्या चांचणीच्या वेळीं त्यांनीं हातांतले कागदाचे कपटे खालीं सोडले, ते वाऱ्याच्या धक्क्यानें किती दूर गेले हें पाहिलें, आणि स्फोटाची शक्ति दहा हजार टन दारूइतकी असावी असें सांगितलें. ती वीस हजार टनांहून अधिक होती, असें आज मानतात. कागदाच्या कपट्यांवरून निम्म्याच्या आसपास पोंचणें, हें सामान्य काम नव्हे.

तोंडी हिशेबाची संवय मात्र रोज लागते. आपले आजोबा पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणत. त्यांना सव्वाशेंचे दीडपट करण्यास कागद लागत नसे. ती विद्या आतां पुन्हां उपयोगी पडेल. ४८० चे शेंकडा १५ काढावयाचे तर दहा टक्क्यांचे ४८ व त्याचे निम्मे २४, मिळून ७२, असें मनांतल्या मनांत करावें. परदेशी पेढींत लाख-कोटींऐवजीं मिलियन-बिलियन बोलतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटि म्हणजे दहा मिलियन, व शंभर कोटि म्हणजे एक बिलियन, हें इतकें अंगवळणीं पडलें पाहिजे कीं थांबावें लागूं नये. येथें एका शून्याची चूक झाली, तर सारी केस फुकट जाते. चूक ध्यानांत आल्यास "माझ्या हिशेबांत चूक झाली, दुरुस्त करितों" असें सरळ म्हणावें. झाकलेल्या चुकीपेक्षां कबूल केलेल्या चुकीनें उमेदवाराची पत अधिक राहते.

इंग्रजीची भीति

मराठी माध्यमांतून शिकलेल्या मुलांना सर्वांत मोठी भीति इंग्रजीची. या मुलाखती बहुतेक इंग्रजींतच होतात, तेव्हां ती भाषा बोलतां आलीच पाहिजे, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु परीक्षकाला अलंकार नको असतात, अर्थ हवा असतो. लहान वाक्यें बोलावींत. एका वाक्यांत एकच गोष्ट सांगावी. प्रश्न समजला नाहीं, तर पुन्हां विचारण्याची विनंति करावी. वर दिलेली बेकरीची केस प्रथम मराठींत आईला समजावून सांगावी. तिला समजली म्हणजे विचार स्पष्ट झाला. मग तीच साध्या इंग्रजींत मोठ्यानें बोलावी. पुष्कळदां इंग्रजी अडते असें वाटतें, तेथें वस्तुतः विचार अडलेला असतो.

आठ आठवड्यांचा क्रम

पहिले दोन आठवडे वहींत प्रसंग लिहिण्यांत व रोज पंधरा मिनिटें तोंडी हिशेब करण्यांत घालवावे. पुढील चार आठवडे सोबती घेऊन आठवड्यास तीन केसी सोडवाव्या. एकानें परीक्षक व्हावें, दुसऱ्यानें उमेदवार, आणि मग उलट. परीक्षक होण्यांत निम्मी विद्या येते. दुसऱ्याची घाई दिसली म्हणजे आपली कळते. यासाठीं महागडे वर्ग लावलेच पाहिजेत असें नाहीं. मोठ्या पेढ्या आपल्या संकेतस्थळांवर सरावाच्या केसी विनामूल्य देतात. सातव्या आठवड्यांत ज्यांची आपणांस भीड वाटते अशा वडील माणसापुढें संपूर्ण मुलाखत द्यावी. आठव्यांत नवें कांहीं करूं नये, पुरेशी झोंप घ्यावी, कपडे साधे व स्वच्छ तयार ठेवावे, आणि पेढीच्या कामाविषयीं खरोखर जाणून घ्यावेसें वाटतें असे दोन प्रश्न लिहून ठेवावे, कारण शेवटीं "तुम्हांस कांहीं विचारावयाचें आहे काय?" असें विचारतात.

नकार आल्यास

इतकें करूनहि नकार येऊं शकतो. अशा पेढ्यांत जागा थोड्या व अर्ज पुष्कळ. शिवाय कांहीं पेढ्या ठराविक संस्थांतूनच बहुतेक उमेदवार निवडतात, ही अडचण खरी आहे. श्मिट व हंटर या मानसशास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं पुष्कळ वर्षांचें संशोधन एकत्र करून दाखविलें कीं, सर्वांस ठराविक प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ही स्वैर गप्पांपेक्षां भावी कामाचा अधिक चांगला अंदाज देते; तरीहि तो अंदाजच. तासाभराच्या अंदाजाला आपल्या योग्यतेचा निवाडा मानूं नये.

आमचा तो विद्यार्थी सात महिन्यांनीं दुसऱ्या एका पेढीच्या मुलाखतीस गेला. या वेळीं त्यानें पाण्याच्या टाकीची गोष्ट सांगितली. परीक्षकानें विचारलें, "काठीवर खुणा किती अंतरानें केल्या होत्या?" "बोटभर अंतरानें," तो म्हणाला, "पट्टी नव्हती." परीक्षक हंसला व पुढें वीस मिनिटें त्याच गोष्टीविषयीं विचारीत राहिला. निवड झाल्याचें पत्र आलें, त्या दिवशीं मुलानें प्रथम त्या पूरग्रस्तांचें काम करणाऱ्या मित्राला भेटून सारें सांगितलें, आणि मग आमच्याकडे पेढे आणले. त्या दोन भेटींपैकीं पहिली आम्हांस अधिक मोलाची वाटली.

अभ्यासासाठीं तीन प्रश्न

१. आपल्या शाळेस वर्षाला खडू किती लागतात, याचा अंदाज करा. रीत लिहून काढा. मग कचेरींत विचारून पडताळा पाहा, व फरक पडल्यास कोणतें गृहीत चुकलें तें शोधा.

२. एका उपाहारगृहांत गिऱ्हाइकें वाढलीं, तरी नफा घटला. मालकाला तुम्ही प्रथम कोणते तीन आंकडे विचाराल, व कां?

३. गेल्या वर्षांत तुमच्या हातून झालेली एक लहान गोष्ट दहा ओळींत लिहा. वर्गबंधूला ती वाचावयास देऊन त्याला पांच प्रश्न विचारूं द्या. पांचहि प्रश्नांचीं उत्तरें देतां आलीं, तर ती गोष्ट तुमची.

नोकरी कोठें लागेल, हें कोणीं सांगावें? परंतु डोळे उघडे ठेवून मोजावें, मोजलेलें नीट मांडावें, आणि आपलें तेवढेंच आपलें म्हणावें, ही तयारी ज्याची झाली, त्याला कोणत्याहि परीक्षकापुढें मान खालीं घालावी लागणार नाहीं. आमच्या सर्व विद्यार्थ्यांना व विद्यार्थिनींना ती साधो, अशी मनापासून इच्छा करून आम्ही हा लेख पुरा करितों.